नांगराची निशाणी आणि संमतीचे बटण

व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा प्रश्न हा शहरातील सुशिक्षितांच्या चिंतेचा विषय आहे, ग्रामीण माणसाला त्याचे सोयरसुतक नाही, असा एक समज रूढ आहे. गावात कोणाचेच काही झाकलेले नसते. कोणाची जमीन किती, कोणाच्या डोक्यावर कर्ज किती, कोणाची सोयरीक कोठे जुळली वा मोडली, हे सर्वांना ठाऊक असते. तेव्हा तेथे खासगीपणाची मातब्बरी ती काय, असा युक्तिवाद केला जातो. हा युक्तिवाद वरवर पटण्यासारखा असला तरी त्यात एक मूलभूत गफलत आहे. गावातील माहिती ही परस्परांविषयीची असते. एकाला दुसऱ्याचे जितके ठाऊक, तितकेच दुसऱ्याला पहिल्याचे ठाऊक असते, आणि या समतोलामुळेच तिचा गैरवापर करणाऱ्यावर लोकलज्जेचा वचक राहतो. भ्रमणध्वनीवाटे समाजमाध्यमांच्या कंपन्यांकडे जाणारी माहिती मात्र एकाच दिशेने वाहते. देणाऱ्याचे सर्व काही घेणाऱ्याला कळते. घेणारा कोण, त्याने काय नोंदवले आणि ते कोणाला विकले, याचा देणाऱ्याला पत्ता नसतो.

पुणे जिल्ह्याच्या उत्तरेकडील जुन्नर आणि आंबेगाव या तालुक्यांकडे पाहिले म्हणजे हा प्रवाह किती मोठा झाला आहे याची कल्पना येते. नारायणगावच्या बाजारात टोमॅटोला आणि मंचरच्या बाजारात कांद्याला काय भाव निघाला, हे शेतकऱ्याला गाडी भरण्यापूर्वीच व्हॉट्सॲपच्या गटावर कळते. विक्रीच्या पट्टीचे छायाचित्र त्याच गटावर पडते. पीकविम्याचा अर्ज भरायचा असला की आधार कार्ड, बँकेचे पासबुक आणि सातबारा यांची छायाचित्रे सेवा केंद्राच्या चालकाला त्याच मार्गाने धाडली जातात. आंबेगावच्या पश्चिमेकडील आदिवासी पट्ट्यातील विद्यार्थ्याला जातवैधतेसाठी आजोबा-पणजोबांचे शाळेचे दाखले आणि वंशावळ जुळवावी लागते. तीही नातेवाइकांच्या भ्रमणध्वनींतून फिरत फिरत घोडेगावला पोहोचते. २०२३ च्या जुलै महिन्यात टोमॅटोचे भाव कडाडले तेव्हा जुन्नर तालुक्यातील शेतकऱ्यांच्या उत्पन्नाचे आकडे नावागावासह देशभर फिरले. त्यात कौतुकाचा भाग होताच. परंतु कोणाच्या घरात किती रक्कम आली हे हजारो अनोळखी माणसांना कळणे ही गोष्ट निव्वळ कौतुकाची नव्हे.

यातील एकेक व्यवहार सोयीचा आहे आणि ती सोय नाकारण्यात शहाणपण नाही. प्रश्न आहे तो या व्यवहाराच्या अटींचा. त्या अटी कोण ठरवतो, त्या कोणाला समजतात आणि त्या नाकारण्याची मुभा कोणाला असते, हे तीन प्रश्न विचारले की या भूमीला अगदी परिचित असलेला एक जुना कागद डोळ्यांपुढे येतो. तो कागद म्हणजे सावकाराचे खत.

मुदतीच्या कायद्याचा धडा

आंबेगाव आणि जुन्नरला लागून असलेल्या शिरूर तालुक्यातील करडे या गावाने १८७४ च्या अखेरीस सावकारावर बहिष्कार टाकला. पुढे १२ मे १८७५ रोजी भीमथडीतील सुपे येथे शेतकऱ्यांचा उद्रेक झाला आणि तो पुणे व अहमदनगर जिल्ह्यांतील अनेक गावांत पसरला. इतिहासात ‘दख्खनचे दंगे’ म्हणून नोंदल्या गेलेल्या या उठावाचे वैशिष्ट्य असे की, शेतकऱ्यांचा रोख मुख्यत्वे माणसांवर नव्हता. तो खतांवर होता. खते हाती आली की ती जाळायची आणि परत फिरायचे, अशी ही रीत होती. त्यानंतरच्या दशकात जुन्नरच्या परिसरात सत्यशोधक समाजाच्या कार्यकर्त्यांनीही सावकारीविरुद्ध शेतकऱ्यांना संघटित केले.

शेतकऱ्याचा कागदावर इतका राग का असावा? अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात, १८६१ ते १८६५ या वर्षांत, कापसाचे भाव चढले व त्याबरोबर कर्जाची पतही वाढली. युद्ध संपताच भाव कोसळले. त्याच सुमारास सरकारने शेतसारा वाढवला. कर्ज फिटेना. परंतु परिस्थिती असह्य होण्यास आणखी एक कारण घडले, आणि ते आजच्या संदर्भात फार बोधप्रद आहे. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने नोंदणी न झालेल्या कर्जरोख्यावर तीन वर्षांच्या आतच दावा लावता येईल, असे ठरवले होते. ऋणकोवर जुन्या कर्जाचे ओझे अनंत काळ राहू नये, हा त्यामागचा हेतू. प्रत्यक्षात सावकार दर तीन वर्षांनी नवे खत लिहून घेऊ लागला आणि थकलेले व्याज नव्या खतात मुद्दल म्हणून दाखल होऊ लागले. ऋणकोच्या संरक्षणासाठी केलेला कायदाच त्याच्या गळ्याचा फास ठरला.

ही खते परकीय भाषेत नव्हती. ती मराठीतच, मोडी लिपीत लिहिलेली असत. पण वाचता न येणाऱ्या कुणब्याला त्याचा उपयोग शून्य होता. त्याच्या नावापुढे नांगराची निशाणी उमटली की संमती पूर्ण झाली, असे कायदा मानत असे. कोर्टात गेल्यावर न्यायाधीश कागद पाहत, कागदामागची हकीकत पाहत नसत. नवे खत लिहून दिले नाही तर पुढच्या हंगामाला बियाणे नाही, अशी कोंडी असलेल्या माणसाची ती ‘स्वतंत्र संमती’ होती.

नवे खत

आता आजच्या संमतीकडे पाहावे. फेसबुक कंपनीने २०१४ साली व्हॉट्सॲप ही कंपनी सुमारे १९ अब्ज डॉलर देऊन विकत घेतली. त्या वेळी तिचे वापरकर्ते सुमारे ४५ कोटी होते. म्हणजे माणशी ४० डॉलरहून अधिक किंमत पडली. वापरकर्त्यांकडून जवळजवळ काहीच पैसा न घेणाऱ्या धंद्याला ही किंमत मिळाली, याचा अर्थ वापरकर्ते दुसऱ्या कोणत्या तरी चलनात मोल देणार आहेत, असे खरेदीदाराने गृहीत धरले होते. ते चलन म्हणजे त्यांची माहिती. २०१६ च्या ऑगस्टमध्ये व्हॉट्सॲपने आपल्या अटी बदलून फेसबुकला माहिती पुरवण्याची तरतूद केली, तेव्हा जुन्या वापरकर्त्यांना तीस दिवसांत नकार कळवण्याची सवलत तरी होती. २०२१ च्या जानेवारीत जाहीर झालेल्या नव्या अटींत ती सवलतही उरली नाही. मान्य करा अथवा सोडून द्या, असा तो पर्याय होता. युरोपातील वापरकर्त्यांना मात्र २०१८ च्या मे महिन्यापासून अमलात आलेल्या तेथील कायद्याचे कवच होते, आणि माहितीच्या देवाणघेवाणीतील हा बदल त्यांना लागू होणार नसल्याचे कंपनीने सांगितले. एकाच कंपनीचे एकच साधन. पण करार कोणाशी होतो त्यानुसार अटी निराळ्या.

भारतीय स्पर्धा आयोगाने नोव्हेंबर २०२४ मध्ये याच प्रकरणी मेटा कंपनीला २१३ कोटी १४ लाख रुपयांचा दंड ठोठावला. बाजारात वरचष्मा असलेल्या कंपनीने पर्याय न ठेवता घेतलेली मान्यता ही खरी मान्यता नव्हे, हे त्या निर्णयाचे सार होय. जाहिरातींसाठी माहिती देण्यावर आयोगाने घातलेली पाच वर्षांची बंदी अपिलीय न्यायाधिकरणाने नोव्हेंबर २०२५ मध्ये रद्द केली. दंड मात्र कायम ठेवला. ज्या गावात बाजारभाव, शाळेच्या सूचना आणि ग्रामपंचायतीचे निरोप एकाच साधनावरून येतात, तेथे ‘सोडून द्या’ या शब्दांना काय अर्थ उरतो? पुढच्या हंगामाचे बियाणे सावकाराच्या हाती असताना कुणब्याला जो पर्याय होता, तोच हा पर्याय आहे.

ही तुलना निव्वळ आलंकारिक नाही, हे झटपट कर्ज देणाऱ्या ॲप्सनी दाखवून दिले आहे. येथे तर सावकार आणि माहितीचा संग्राहक एकच झाले. चार-पाच हजारांचे कर्ज मिनिटांत मिळते. त्यासाठी भ्रमणध्वनीतील संपर्कांची यादी आणि छायाचित्रे पाहण्याची परवानगी द्यावी लागते. हप्ता चुकला की त्या यादीतील नातेवाइकांना, शेजाऱ्यांना, वरिष्ठांना संदेश जातात. छायाचित्रे विकृत करून पाठवली जातात. अशा छळाच्या तक्रारी देशभर झाल्या आणि त्यांपायी माणसांनी जीव दिल्याच्या घटनाही घडल्या. रिझर्व्ह बँकेच्या कार्यगटाला २०२१ च्या पहिल्या दोन महिन्यांत केलेल्या पाहणीत अशी सुमारे १,१०० ॲप्स आढळली होती व त्यांपैकी सुमारे ६०० बेकायदा होती. पुढे २ सप्टेंबर २०२२ रोजी रिझर्व्ह बँकेने कर्ज देणाऱ्या ॲप्सना संपर्कांची यादी, कॉलची नोंद आणि फोनमधील छायाचित्रे यांना हात लावण्यास मनाई केली. अधिकृत संस्थांना हा नियम बांधतो. परंतु जी ॲप्स मुळातच कायद्याबाहेर आहेत, त्यांना वेसण घालण्याचे काम पोलिसांकडे आणि ॲपच्या बाजारपेठा चालवणाऱ्या कंपन्यांकडे येते.

न विचारता केलेला जामीनदार

या प्रकारात अर्थशास्त्राच्या दृष्टीने आणखी एक मुद्दा दडलेला आहे. दोघांच्या करारामुळे तिसऱ्याचे नुकसान होत असेल, तर तो करार त्या दोघांपुरता खासगी राहत नाही. संपर्कांची यादी देणारा माणूस स्वतःची माहिती देत नाही. तो इतरांची देतो. ब्रिटनमधील केंब्रिज ॲनालिटिका या संस्थेचे प्रकरण २०१८ साली उघडकीस आले, तेव्हा फेसबुकने जाहीर केलेले भारताविषयीचे आकडे या दृष्टीने विचार करायला लावणारे आहेत. माहिती गोळा करणारे ते ॲप भारतात अवघ्या ३३५ जणांनी घेतले होते. त्यांच्या मित्रपरिवारामुळे ५ लाख ६२ हजारांहून अधिक लोकांची माहिती संस्थेच्या हाती जाण्याची शक्यता निर्माण झाली. एकेका होकारामागे दीड हजाराहून अधिक माणसे, आणि त्यांतील एकालाही कोणी काही विचारले नव्हते.

जुन्या खतातील जामीनदार निदान साक्षीदारांपुढे उभा राहून निशाणी करत असे. आजचा जामीनदार आपण जामीन राहिलो आहोत हे धमकीचा पहिला संदेश आल्यावर जाणतो. गावासारख्या समाजात, जेथे प्रत्येकाचा क्रमांक प्रत्येकाच्या फोनमध्ये नावानिशी साठवलेला आहे, तेथे एका घरातून सुटलेली माहिती साऱ्या आळीची असते. म्हणूनच ‘ज्याने त्याने आपापली काळजी घ्यावी’ हा उपदेश अपुरा आहे. काळजी घेणाऱ्याची माहितीही काळजी न घेणाऱ्याच्या हातून निसटते.

दोन कायदे

१८७५ च्या उठावानंतर सरकारने चौकशी आयोग नेमला आणि त्याच्या अहवालाची परिणती १८७९ च्या दख्खन शेतकरी साहाय्यक कायद्यात झाली. पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर या चार जिल्ह्यांना तो प्रथम लागू झाला. त्या कायद्याने पुढील गोष्टी केल्या. शेतकऱ्याचे खत ग्राम-निबंधकाच्या देखरेखीखाली लिहिले गेले पाहिजे आणि त्यातील अटी त्याला समजावून दिल्या पाहिजेत, असे बंधन घातले. पैसे भरल्याची पावती आणि वर्षाचा हिशेब मागण्याचा हक्क ऋणकोला दिला. कोर्टाने केवळ कागदावर विसंबून न राहता व्यवहाराचा मुळापासूनचा इतिहास तपासावा, असा दंडक घातला. कर्जासाठी शेतकऱ्याला कैदेत टाकण्याची रीत बंद केली. त्या काळाच्या मानाने ही तरतूद क्रांतिकारक होती. कारण निशाणी म्हणजे संमती, हे समीकरण तिने प्रथमच नाकारले.

भारतात व्यक्तिगत माहितीबाबत या पायरीवर येण्यास २०१७ साल उजाडले. निवृत्त न्यायमूर्ती पुट्टस्वामी यांच्या याचिकेवर २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा एकमुखी निर्णय दिला. त्यानंतर सहा वर्षांनी, ऑगस्ट २०२३ मध्ये, डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायदा संमत झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले. नागरिकांचे हक्क व कंपन्यांची कर्तव्ये यांविषयीच्या मुख्य तरतुदी त्यानंतर अठरा महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये, अमलात आणण्याचे त्या वेळी ठरवण्यात आले.

या कायद्यात चांगले पुष्कळ आहे. माहिती कशासाठी हवी हे स्पष्ट सांगितले पाहिजे. ती सूचना इंग्रजीप्रमाणेच घटनेच्या आठव्या अनुसूचीतील कोणत्याही भाषेत, म्हणजे मराठीतही, उपलब्ध झाली पाहिजे. दिलेली संमती मागे घेता आली पाहिजे. आपली कोणती माहिती कोणाकडे आहे हे विचारण्याचा, ती दुरुस्त करण्याचा व पुसून टाकण्याचा हक्क नागरिकाला आहे. सुरक्षेत कसूर करणाऱ्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

तथापि १८७९ च्या कायद्याशेजारी ठेवून पाहिले असता काही उणिवा ठळकपणे जाणवतात. हा कायदा मराठी मजकुराची हमी देतो. तो समजावून देणाऱ्या माणसाची हमी देत नाही. खतेही मराठीतच होती, हे येथे स्मरावे. संमती सांभाळण्यासाठी ‘संमती व्यवस्थापक’ ही नवी संस्था कायद्याने कल्पिली आहे; परंतु तिच्यासाठी किमान दोन कोटी रुपयांच्या निव्वळ मालमत्तेची कंपनी असण्याची अट आहे. गावच्या विकास सोसायटीला ते दार बंदच राहील. दंडाची रक्कम सरकारच्या तिजोरीत जमा होईल, आणि माहिती-तंत्रज्ञान कायद्यातील नुकसानभरपाईचे जे कलम होते तेही या कायद्याच्या पूर्ण अंमलबजावणीबरोबर रद्द होईल. म्हणजे ज्याची माहिती फुटली त्याच्या पदरात दंडातील एक पैही पडणार नाही. उलट, खोटी अथवा क्षुल्लक तक्रार केल्याबद्दल नागरिकालाच दहा हजार रुपयांपर्यंत दंड करण्याची तरतूद आहे. सरकारी यंत्रणांना सूट देण्याचा व्यापक अधिकार केंद्र सरकारने स्वतःकडे राखला आहे, ही बाब वेगळीच.

कोणाची वही उघडी?

याच कायद्याने माहिती अधिकाराच्या कायद्यातही एक फेरफार केला. सार्वजनिक हितासाठी आवश्यक असल्यास व्यक्तिगत स्वरूपाची माहितीही द्यावी, असा अपवाद त्या कलमात होता. तो काढून टाकण्यात आला. सार्वजनिक हिताची सर्वसाधारण तरतूद अन्यत्र शिल्लक आहे हे खरे. पण माहिती नाकारू इच्छिणाऱ्या अधिकाऱ्याच्या हाती एक सोपे निमित्त आले. २००२ साली स्वतःचा माहिती अधिकार कायदा करणाऱ्या महाराष्ट्राला याची टोचणी लागायला हवी. रोजगार हमीच्या कामावरील हजेरीपत्रक, कर्जमाफीची यादी, पाणंद रस्त्याच्या ठेकेदाराचे देयक, हे सारे नावानिशीच तपासावे लागते. तेथे खासगीपणाचा पडदा ओढणे म्हणजे खासगीपणाच्या तत्त्वाचीच विटंबना होय.

यातून मार्ग काढण्यासाठी १८७५ चाच अनुभव उपयोगी पडतो. त्या काळी ऋणकोचे घर, गुरे, शेत सारे सावकाराच्या नजरेसमोर होते आणि सावकाराची वही मात्र बंद होती. कायद्याने ती वही उघडायला लावली. जेथे सत्ता आणि पैसा आहे तेथील व्यवहार उघडे असावेत आणि जेथे ते नाहीत तेथील जीवन झाकलेले राहावे, हे यामागचे सूत्र आहे. खासगीपणाचा हक्क आणि माहितीचा अधिकार यांत विरोध नाही. दोहोंचा उगम दुर्बलाच्या संरक्षणातच आहे. लाभार्थ्याचे नाव व मिळालेली रक्कम जाहीर व्हावी. त्याचा आधार क्रमांक, खाते क्रमांक आणि भ्रमणध्वनी क्रमांक गावगटावर फिरू नये. एवढा भेद ग्रामपंचायतीच्या पातळीवरही सहज पाळता येण्यासारखा आहे.

काय करता येईल

कायद्याच्या पूर्ण अंमलबजावणीची वाट न पाहता काही गोष्टी जुन्नर-आंबेगावसारख्या तालुक्यांत करता येतील. सेवा केंद्रांच्या चालकांनी अर्जदाराची कागदपत्रे काम झाल्यावर स्वतःच्या फोनमधून व संगणकातून काढून टाकावीत, आणि तसे केल्याची पोच द्यावी, असे बंधन तहसील कार्यालयांना घालता येईल. अर्ज भरताना कोणती संमती दिली जात आहे हे वाचून दाखवणे, हे त्या चालकाच्या शुल्कातच अंतर्भूत मानावे. ग्राम-निबंधकाचे जे काम होते तेच हे काम आहे. विकास सोसायट्या, दूध संस्था आणि पतसंस्था सभासदांची माहिती बाळगतात. ती कोणाला व कशासाठी दिली याचा वार्षिक तक्ता सर्वसाधारण सभेपुढे ठेवण्यास कोणत्याही नव्या कायद्याची गरज नाही. महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांनी एखाद्या रविवारी गावात बसून लोकांच्या फोनमधील अनावश्यक परवानग्या बंद करून दिल्या, तर ती राष्ट्रीय सेवा योजनेची उत्तम सेवा ठरेल.

परंतु स्थानिक प्रयत्नांची मर्यादाही ओळखली पाहिजे. दख्खनच्या कायद्यातून सावकारांनी पळवाट काढलीच. गहाणखताऐवजी ते सरळ खरेदीखत लिहून घेऊ लागले, आणि मग खरेदीखताच्या आड दडलेले गहाण तपासण्याची मुभा कोर्टांना देण्यासाठी कायद्यात पुढे दुरुस्ती करावी लागली. सावकाराला पर्याय उभा राहू लागला तो १९०४ च्या सहकारी पतसंस्थांच्या कायद्यानंतर, जेव्हा शेतकऱ्याला दुसऱ्या दारात कर्ज मिळण्याची सोय झाली. माहितीच्या बाजारातही हेच खरे ठरणार आहे. एका सेवेवरून दुसऱ्या सेवेवर आपला संपर्कपरिवार घेऊन जाण्याची मोकळीक मिळेपर्यंत आणि सार्वजनिक कामासाठी खासगी कंपनीच्या साधनावर विसंबून राहण्याची सक्ती संपेपर्यंत, संमतीच्या सूचना कितीही सुबोध झाल्या तरी होकाराखेरीज दुसरे उत्तर देता येणार नाही. शासनाने आणि स्थानिक संस्थांनी आपले निरोप, याद्या व बाजारभाव एकाच कंपनीच्या गटावर न सोडता स्वतःच्या साधनांवरूनही द्यावेत, ही त्यासाठी पहिली पायरी होय.

तीन वर्षांच्या मुदतीचा कायदा सदिच्छेने केला गेला होता, आणि त्याने नव्या खतांचा पाऊस पाडला. २०२३ च्या कायद्याचीही हीच गत होऊ शकते. प्रत्येक ॲप दर काही महिन्यांनी नवी सूचना पुढे करील, वापरकर्ता ती न वाचता ‘मान्य आहे’ या बटणावर बोट ठेवील, आणि कंपनीच्या दप्तरी कायदेशीर संमतीचा आणखी एक कागद जमा होईल. ते टाळायचे असेल तर नव्या माहिती संरक्षण मंडळाने १८७९ चा दंडक स्वीकारला पाहिजे. बटण दाबले गेले की नाही, एवढे पाहून भागणार नाही. ते दाबणाऱ्याला काय सांगितले गेले होते, नकार दिला असता तर त्याचे कोणते काम अडले असते, आणि घेतलेल्या माहितीचे पुढे काय झाले, हा सारा इतिहास मंडळाने तपासला पाहिजे. दीडशे वर्षांपूर्वी नांगराच्या निशाणीला जो न्याय मिळाला, त्याहून कमी न्यायावर आजच्या नागरिकाने समाधान मानण्याचे काही कारण नाही.